चार खटके

पंखा बंद पडला तेव्हा चंदनबाला सामायिकाला, म्हणजे जैनांच्या रोजच्या ध्यानाला, बसली होती. डोळे मिटून अठ्ठेचाळीस मिनिटं हलायचं नाही, असा नेम. मे महिन्यातली सांगली; पाठीवरून घामाचे ओघळ निघाले तरी ती हलली नाही. नेम पुरा झाल्यावर तिनं पुण्याला पोराला फोन लावला.

"गोमटेश, पंखा का बंद केलास रं?"

"मी नाही केला, अव्वा. खोलीत कुणी हालत नसलं की तो आपोआप बंद होतो. सेन्सरला वाटलं, घरात कुणीच नाही."

"आरं, मी हाय की हितं!"

"पण हालत नव्हतीस ना? मधूनमधून हात हालवत जा."

चंदनबालानं फोन ठेवला. एकसष्ट वर्षं जगून आपल्याच घरात आपण असल्याचा पुरावा द्यायचा, तोही हात हलवून!

पोरगं वाईट नव्हतं. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा अण्णाप्पा गेला, पाठोपाठ ती न्हाणीत घसरून पडली. गोमटेशनं धसका घेतला आणि गावभागातल्या त्या घरात मोबाईलवर चालणारी बटणं बसवली. पहिले चार दिवस तिलाही गंमत वाटली. मग चौकशा सुरू झाल्या, कारण घरातलं काय चालू, काय बंद, हे त्याला पुण्यात मोबाईलवर दिसे. आज उठायला उशीर का? टीव्ही एवढा वेळ का? आणि गेल्या महिन्यापासून नवीनच टुमणं : घर विकू या, तू पुण्याला ये.

चंदनबालानं एकोणतीस वर्षं कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत शिपायाचं काम केलं होतं. पोरांना सामान द्यायचं, मोजून परत घ्यायचं. बघून बघून तिला सगळं येत होतं, पण एकदा एका पोराची चूक दाखवली तर सर म्हणाले होते, "बाई, तुम्ही नुसतं सामान द्या." त्यानंतर ती बोलत नसे. चुकणाऱ्या पोराच्या हाताशी बरोबर तो रेझिस्टर ठेवून गुमान पुढे जाई. त्यातली कितीतरी पोरं इंजिनिअर झाली. गोमटेशही त्याच टेबलांवर शिकला.

दुसऱ्या दिवशी ती स्टँडजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. चिठ्ठी न बघता एकेक नाव सांगत गेली. दुकानदारानं विचारलं, "कुणाचा प्रोजेक्ट हाय, मावशी?"

"माझा," ती म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर तिनं दोन ब्रेडबोर्ड मांडले. भोकाभोकांच्या त्या पांढऱ्या पट्ट्यांत तारा नुसत्या खोचायच्या. चुकलं तर उपसून पुन्हा खोचायच्या. एका पट्टीवर चार छोटे खटके आणि संदेश सोडणारं बोर्ड, दुसरीवर तो संदेश पकडणारं बोर्ड आणि त्या संदेशानं वीज चालू-बंद करणारे चार रिले. पंखा, दोन दिवे, रेडिओ. मोबाईल नको, इंटरनेट नको. दोन्ही बोर्डांवरच्या चिपांना एकच आकडी पत्ता दिला की त्यांनी फक्त एकमेकींचं ऐकायचं, तो पत्ता ठाऊक नसलेल्या कुणाचं नाही.

पहिल्या दिवशी काहीच लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं तारा तीनदा उपसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसताना तिला उमगलं, दोन्हीकडे एकाच मापाचा रेझिस्टर लावलाय; संदेश पकडणाऱ्या चिपेला वेगळा लागतो. हीच चूक तिनं शेकडो पोरांच्या हातून होताना पाहिली होती. ती एकटीच मोठ्यानं हसली. तो बदलला, खटका ओढला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इवलासा लाल दिवा लागला. हसू कुठल्या कुठे गेलं. ती नुसती बघत बसली.

घरातल्या विजेच्या तारांना मात्र तिनं हात लावला नाही. त्यासाठी बिराप्पा वायरमनला बोलावलं. तो भिंतीवरची नवी बटणं बघून अडखळला.

"अक्का, गोमटेशला इचारलंय न्हवं?"

"घर कुणाच्या नावावर हाय, बिराप्पा?"

"तुमच्या की."

"मग काढ."

त्यानं बटणं काढली, जुनी जोडणी मोकळी केली, रिले डब्यात बंद करून फ्यूज घातला. काम संपल्यावर चारही खटके स्वतः ओढून बघितले आणि म्हणाला, "आयला, लय भारी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोमटेशची गाडी दारात करकचून थांबली. तो धावतच आत आला, चेहरा पांढराफटक.

"अव्वा! कालपासून मोबाईलवर सगळं बंद दिसतंय. सकाळपासून फोन करतोय! मला वाटलं..."

"बस्तीच्या देवळात पूजा हुती. फोन घरातच राहिला." तिला एकदम वाईट वाटलं. "पाणी घे आधी."

पण त्याची नजर टेबलावर गेली होती. "हे काय जंजाळ? चांगलं कंपनीचं काढून हे असलं?"

"ते तुझं ऐकत हुतं. हे माझं ऐकतंय."

"आणि परत पडलीस म्हणजे?"

"पडलं तर उठंन. न्हाई उठता आलं तर हाक मारंन, शेजार हाय. पण पडायच्या भ्यानं आत्तापासनं मेल्यागत बसायचं न्हाई मला. आणि घर इकायचं न्हाई. परत इषय काढू नगं."

गोमटेश ब्रेडबोर्डावर वाकला. बराच वेळ तारांवरून बोट फिरवत राहिला. एकही तार तिरकी नव्हती.

"पत्ता काय ठेवलायस ह्याचा?"

"ते तुला न्हाई सांगायची."

तो ताडकन उठला. तिनं ताट वाढलं होतं. न जेवताच गेला. गाडीचा आवाज विरेपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती. मग ताट झाकून ठेवलं.

सहा दिवस फोन आला नाही. तिनंही केला नाही. सातव्या दिवशी, सूर्यास्ताआधी जेवायचा नेम म्हणून, उन्हं उतरायच्या आत ती स्वयंपाकाला लागली, तेवढ्यात फोन वाजला. पिठाच्या बोटानंच तिनं तो कानाला लावला.

"अव्वा," गोमटेश म्हणाला, "काय करतीस?"

दीड वर्षात त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती त्याच्यावर.

"भाकऱ्या चालल्यात," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले, पण त्याला ते दिसायची सोय नव्हती. "तू जेवलास का रं?"