जावईबापूंनी मला पुसलं त्याची गोष्ट

मी हार्ड डिस्क बोलतेय. कॉम्प्युटरच्या पोटात, पंख्याच्या शेजारी, स्क्रूंनी आवळून बसवलेली असते ना, ती. तुम्ही पडदा बघता, कळा बडवता, पण तुमचं सगळं सांभाळते ती मी. अंगावर एवढं लिहिलंय, पण मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. जे दिलं ते घेतलं, जिथे ठेवलं ते लक्षात ठेवलं. न शिकलेल्याला लक्षात ठेवावंच लागतं, दुसरा इलाज काय?

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, नुसते डोळे उघडे. मला वाटलं, एवढं कसलं सोवळं! मग कळलं. माझ्या आत आरशासारखी तबकडी फिरते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतर राखून एक सुई धावते. मध्ये धुळीचा कण आला तरी मी संपले. म्हणून जन्मतःच मला झाकण लावलं. तेव्हापासून उजेड म्हणून पाहिला नाही. पुढचं सगळं कानांनी ऐकलेलं सांगतेय.

एका काळ्या डब्यात बसून मी भरतकामवाल्या बाईंच्या घरी आले. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं भरतकामाचं मशीन, भिंतीवर रिळांची फळी, कोपऱ्यातल्या टेबलाखाली आमचा डबा. हॉटेलांचे रुमाल, दवाखान्यांचे कोट, खेळाडूंचे शर्ट, सगळ्यांवर नावं आणि चिन्हं भरून द्यायची. आधी कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, एक प्रोग्राम त्या चित्राचे टाके करायचा, ते टाके पेन ड्राइव्हमधून मशीनला द्यायचे. अशा टाक्यांच्या चित्राला बाई नक्षी म्हणत. कुठला टाका आधी, कुठला नंतर, हे त्या स्वतः लावत. प्रोग्रामवर सोडलं तर तो दोऱ्याचा गुंता करतो, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा माझ्यावर विंडोजचा संसार होता. विंडोजला खोल्या लागतात. सी ही त्याची स्वतःची, डी बाकीच्या सामानाची. बाईंनी सुरुवातीला एक नक्षी आत कुठेतरी ठेवली आणि ती त्यांना सापडेचना. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला.

“आई, फोल्डर करून ठेव ना नीट,” लेक म्हणायची.

“आत गेलं की गेलं. माझं मला डोळ्यासमोर हवं.”

मग काय, सगळ्या नक्ष्या पडद्यावरच. त्यांच्यामागे म्हणे कसल्या तरी फुलांचं चित्र होतं, ते कित्येक वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं. आता पडद्यावर जे समोर दिसतं ते खरं तर विंडोजच्याच खोलीत, सीमध्ये, पडलेलं असतं. हे बाईंना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

वर्षं गेली, आम्ही थकलो. बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो पिऊन कप विसळून व्हायचे, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. त्यात एक दिवस सूचना आली, की पुढचं विंडोज या डब्यावर चालणार नाही.

“म्हणजे डबा बदलायचा,” बाई म्हणाल्या.

“कशाला आई?” जावईबापू म्हणाले. माणूस सरळ आणि हौशी. स्क्रूड्रायव्हर दिसला की हात शिवशिवणार. “मी लिनक्स टाकून देतो. जुन्या डब्यावर पळतं. आणि फुकट.”

“आपला मिक्सरही तुम्ही असाच पळवणार होतात,” लेक म्हणाली. “कपाटावर बसलाय बिचारा.”

“टाक्यांचा प्रोग्राम?” बाईंनी विचारलं.

“तो नाही चालणार, पण तसाच दुसरा आहे. मी दाखवतो.”

रविवारी जावईबापू लेकीबरोबर आले. काम मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. डीमधलं सगळं मोठ्या पेन ड्राइव्हवर उतरवलं, लग्नाचे फोटो दोनदा मोजून घेतले. सीमध्ये नुसतं विंडोजच असतं, असं स्वतःशी पुटपुटले आणि म्हणाले, “आई, सगळं घेतलंय. पुसू का आता?”

बाई मागेच उभ्या होत्या. समोरचं घेतलंत का, हे अगदी ओठावर आलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण सुट्टी मोडून आलेल्या जावयाला टोकायचं कसं? त्या म्हणाल्या, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. चहात साखर किती घालू?”

पुसलं.

आता पुसणं म्हणजे फडकं मारणं नव्हे. पुसतात ती फक्त कुठे काय आहे त्याची पाटी. सामान आपल्या जागीच असतं. पण घर रिकामं म्हणून जाहीर होतं आणि नवा येणारा त्याच सामानावर आपली गादी टाकतो.

लिनक्स आलं. त्याला सी आणि डी अशा खोल्या माहीतच नाहीत. एकच मोठं माजघर, त्यातूनच सगळीकडे दारं. महत्त्वाच्या कामाला हात घातला की पासवर्ड मागणार. कोण तुम्ही, कुठले, कशाला आलात! पण संसार आटोपशीर. माझ्या सुईला कितीतरी दिवसांनी जरा दम खाता आला.

“बसा आई, दाबा बटण.”

पडदा लगेच उजळला असणार, कारण लेक म्हणाली, “अगंबाई, एवढ्यात?”

“डोंगराचं चित्र छान आहे,” बाई म्हणाल्या. मग थांबल्या. “माझ्या नक्ष्या कुठायत?”

“डीमधलं सगळं आणलंय ना.”

“डी नाही हो. इथे समोर होत्या त्या.”

जावईबापूंची खुर्ची करकरली.

“मी आईंना विचारलं होतं,” ते म्हणाले.

“आईला काय विचारता!” लेक कडाडली. “आईनं तुम्हाला कधी नाही म्हटलंय? घर विकू का विचारलंत, तरी ती साखर किती घालू म्हणेल!”

“ओरडू नकोस गं त्यांच्यावर,” बाई म्हणाल्या, पण आवाज पार बसला होता. “हॉटेलच्या चिन्हाचा बगळा होता त्यात. उद्या रुमाल येतायत. आणि बाकीचं सगळं. हयातीचं काम आहे माझं ते.”

माणूस घाबरला की त्याला काहीतरी करावंसं वाटतं. जावईबापूंनी पुसलेलं परत आणणारे प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवायला घेतले. उतरवून ठेवणार कुठे? माझ्यावरच! विहिरीत पडलेला तांब्या काढायला वरून दगड टाकावेत, तशातली गत. एकेक दगड कुठल्या ना कुठल्या नक्षीवर पडत होता. मला ओरडता येत नाही, मी नुसती घरघरत होते.

लेकीनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो फोनवरच ओरडला, “त्यावर आणखी काही चढवू नका! जेवढं लिहाल तेवढं कायमचं जाईल. वायर ओढा आधी!”

“एवढं संपत आलंय, एक मिनिट...” जावईबापू म्हणाले.

“थांबा म्हणतोय ना तो!” बाई ओरडल्या. “हात काढा तिथनं!”

खट्कन वायर निघाली आणि माझी वीज गेली. जावयाशी त्या असं पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

दुरुस्तीवाल्यानं मला डब्यातून काढलं, आपल्या यंत्राला जोडलं आणि नुसतं वाचलं, टिंबसुद्धा लिहिलं नाही. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. पण पाटीच पुसलेली, त्यामुळे नक्ष्या आल्या त्या बिननावाच्या, ढिगानं. मग सासू आणि जावई त्याच्या दुकानात शेजारी शेजारी स्टुलांवर बसले. एकेक नक्षी उघडायची, बाईंनी नाव सांगायचं, जावईबापूंनी टाइप करायचं.

“हा क्लबचा घोडा. ही सुताराच्या एप्रनवरची करवत.”

“आणि हा भोपळा?”

“भोपळा काय! कासव आहे ते. कासव कळत नाही आणि माझ्या कॉम्प्युटरला हात लावता?”

दुरुस्तीवाला फिसकन हसला, मग जावईबापू हसले, आणि बाईंना स्वतःलाच हसू आवरेना. पुसल्यापासून तोवर त्या घरातलं कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

बगळाही मिळाला, पण अर्धा. त्याचा पाय बाई सगळ्यात शेवटी शिवत, आणि नेमक्या शेवटच्या टाक्यांवर दगड पडला होता.

“घ्या,” बाई म्हणाल्या. “एका पायावर उभा होता, तोही गेला.”

पाय त्यांनी जावईबापूंच्या लॅपटॉपवर, लिनक्सच्या त्या नव्या प्रोग्राममध्ये काढला, त्या प्रोग्रामला भरपूर शिव्या घालत. रुमाल एक दिवस उशिरा गेले. हॉटेलवाल्यानं तेवढं चालवून घेतलं.

माझ्या जागी नवी डिस्क आली. तिच्यात फिरायला काहीच नाही म्हणे, ना तबकडी ना घरघर. जावईबापूंनी विचारलं, “आई, यावर काय टाकू?” आणि बाईंनी खुर्ची ओढून एकेक मोजून सांगितलं, “टाक्यांचा जुना प्रोग्राम माझ्या हाताचा आहे. तेवढ्यापुरतं जुनंच विंडोज ठेवा, त्याला इंटरनेट नको, म्हणजे बाहेरची कीड शिरायची नाही. बाकी सगळ्याला तुमचं ते लिनक्स. आणि प्रत्येक नक्षी दुसऱ्या जागीही उतरलेली मला दाखवा, मगच उठा.” जावईबापू बरेच उशिरा उठले. आता बटण दाबलं की डबा विचारतो, कुठे जायचं? बाई बाणाची कळ दाबून ठरवतात.

माझं म्हणाल, तर मी फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून रिळांच्या फळीवर आहे. वर लेकीनं चिठ्ठी चिकटवलीय, कुणी हात लावू नये. कारण सगळं काही परत आलं नाही. टेबलक्लॉथच्या कडेची एक वेल होती, पानापानाला दोऱ्याची वेगळी दिशा असलेली. बाईंनी केलेल्या कामात त्यांना सगळ्यात आवडती. ती मिळाली नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, दगडाखाली गेली असेल, किंवा असेलही कुठेतरी तुकड्यातुकड्यांनी, नीट यंत्र मिळालं तर पुन्हा बघू. बाई आठवेल तशी ती परत काढतायत. पण पान वळतं कुठे, तिथे अडतं.

मला वाचता येत नाही, त्यामुळे ती माझ्यात आहे की नाही हे मीही सांगू शकत नाही.

तुम्ही विंडोजवरून लिनक्सवर जा, परत या, दोन्ही ठेवा, माझी ना नाही. फक्त पुसण्याआधी जिचं काम आहे तिला खुर्चीत बसवा आणि तिच्या बोटानं दाखवू द्या, काय कुठे ठेवलंय ते. घाई तिला नसते, तुम्हाला असते.

आणि मी रिकामी दिसतेय म्हणून माझ्यावर आता कुणी काही लिहू नका. वेल असलीच, तर ती मोडेल.