जास्वंदीचं औषधपाणी

सिस्टर निवृत्त झाल्या, तरी अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणे. कुणाला शिंक आली की पहिली हाक त्यांनाच. त्यामुळे सून ट्रेनिंगसाठी परगावी निघाली, तेव्हा तिने आपली जास्वंद डोळे मिटून सासूबाईंच्या हवाली केली. ही जास्वंद तिच्या आईच्या दारातल्या झाडाची फांदी. आई गेली, घर विकलं, मागे राहिली ती एवढी एक कुंडी.

"आई, तुम्ही आहात म्हणून निश्चिंत जातेय," सून म्हणाली.

पहिल्याच दुपारी झाडाने मान टाकली. खिडकी पश्चिमेची, ऊन रणरणतं. सिस्टरांनी पान चिमटीत धरलं, तर लुळं. माती मात्र चांगली ओली. निदान पक्कं झालं! अंगातलं पाणी गेलं की नुसतं पाणी पाजून भागत नाही, हे त्यांनी जन्मभर दवाखान्यात आजारी बाळांच्या आयांना दटावून सांगितलं होतं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी केलं, चव घेतली आणि चमच्याचमच्याने कुंडीत घातलं.

"घे राणी. एकदम नको, घोट घोट घे."

संध्याकाळी झाड टवटवीत! सिस्टरांनी शेजारणीला बोलावून दाखवलं. मग काय, रोज दुपारी झाड मान टाकी, रोज डोस जाई, रोज संध्याकाळी गुण येई. पुढे संध्याकाळीही मान वर येईना, तशी सिस्टरांनी मात्रा वाढवली. पानांच्या कडा करपल्या, कळ्या गळाल्या.

"झाडच आहे ना! दुसरं आणू," मुलगा म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताट उचलून आत गेला.

सून परतली, तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. "सगळं केलं गं मी. मीठ-साखरेचं पाणीसुद्धा एक दिवस चुकवलं नाही."

सून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ती बॅग न ठेवताच कुंडीपाशी बसली.

"आई, दुपारी ते मान टाकतंच. मुळं जेवढं पाणी वर पाठवतात, त्याहून जास्त पानांतून उडून जातं. ऊन उतरलं की आपोआप सावरतं."

"मग माझं औषध?"

"जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. मातीत ते वाढत गेलं, मग मुळांना पाणी घेता येईना. उलट मुळांतलंच…"

"म्हणजे तिच्या अंगातलं पाणी मीच काढत होते," सिस्टर म्हणाल्या. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दोघींनी कुंडी न्हाणीघरात नेली. साध्या पाण्याने माती धुतली, खालून निथळू दिली, पुन्हा धुतली. कंबर मोडून आली तरी सिस्टरांनी कुंडी सोडली नाही. वाळलेल्या फांद्या कापताना सून हमसून हमसून रडली, आणि जवळ जायचा सिस्टरांना धीर होईना. एकच फांदी वाचली.

काही आठवड्यांनी सुनेला पुन्हा जायची वेळ आली. "या खेपेला शेजारणीकडे ठेव," सिस्टर आधीच म्हणाल्या. "माझा हात नको लागायला."

सुनेने कुंडी उचलली आणि सरळ सिस्टरांच्या पलंगाशेजारी, खिडकीत आणून ठेवली.

"माझी आई शेवटच्या आजारात याच खोलीत होती. औषधाचा गुण कधीच सरला होता. तुम्ही नुसत्या शेजारी बसून असायचात. तेवढंच तिला हवं असायचं." तिने सिस्टरांचा हात धरला. "हिला सकाळी साधं पाणी द्या. बस्स."

दुपारी ऊन चढलं आणि झाडाने मान टाकली. सिस्टरांचे पाय सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. दारातूनच त्या मागे फिरल्या, खुर्ची कुंडीजवळ ओढली, आणि ऊन उतरेपर्यंत हात मांडीवर ठेवून तिच्याशेजारी बसून राहिल्या.