प्रेमाचं नाव

"तू फक्त एवढंच सांग, की तुला वाईट वाटलं," कप्तान त्याच्या कानाशी लागून म्हणाला. "बाकीचं मी बघून घेतो."

लिफ्टवाल्याने पॅड सोडता सोडता वर पाहिलं. आपल्याला कधी कशाचं वाईट वाटतं का, हे कप्तानाने आजवर विचारलेलं त्याला आठवेना. आज मात्र स्वारी स्वतः पाण्याची बाटली घेऊन आली होती, वर झाकणही उघडून दिलं होतं. लिफ्टवाला मुळातच संशयी. लिफ्ट दुरुस्त करून करून तसा झालेला. न कुरकुरता वर जाणारी लिफ्ट दिसली की तिच्यात काहीतरी दडलंय असं त्याला हटकून वाटायचं. इथे तर माणसंच होती.

झालं होतं असं. दोन क्लबांचा रविवारचा सामना. सकाळी लिफ्टवाल्याच्या संघाने क्षेत्ररक्षण केलं, तो नेहमीसारखा यष्टींमागे. दुपारी फलंदाजीला उतरले आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. लिफ्टवाला खेळायला आला तेव्हा सामना हातचा गेल्यातच जमा होता. पाहुण्यांच्या उंच गोलंदाजाचा चेंडू बरगडीत बसला आणि त्याच्या तोंडून आईवरून शिवी गेली. ही शिवी तो अडकलेल्या दाराला द्यायचा, हरवलेल्या पान्याला द्यायचा. संघात तर ती नमस्कारासारखी चालायची. गोलंदाज मात्र जागीच थिजला. पुढच्या चेंडूवर त्याने लिफ्टवाल्याचा त्रिफळा उडवला, हसला आणि म्हणाला, "चल डांबर, घरी!"

झालं! कप्तान बोंबलत मैदानात शिरला. "रंगावरून बोलला! आमच्या माणसाला रंगावरून बोलला!" पंचांनी खेळ थांबवला आणि वरात चिटणिसांच्या खोलीत आली. गोलंदाज दोषी ठरला तर हरलेला सामना ह्यांच्या पदरात पडणार होता. लिफ्टवाल्याला पाण्याच्या बाटलीचा उलगडा झाला.

"असं म्हणालात तुम्ही?" चिटणिसांनी चष्म्यावरून गोलंदाजाकडे पाहिलं.

"म्हणालो." गोलंदाज दूरच्या मुलखातून कामाला आलेला, इथली भाषा चाचपडत बोलायचा. "पण मला ते नाव वाटलं. सकाळपासून हे सगळे तेच ओरडतात. शाब्बास डांबर. डांबर, इकडे फेक. मला वाटलं, यांचं नाव आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आमची गोष्ट वेगळी," कप्तान घाईघाईने म्हणाला. "आमचं ते प्रेमाचं नाव आहे."

"आणि यांनी माझी आई काढली, ते?" गोलंदाजाचा आवाज कापायला लागला. "आमच्याकडे एवढ्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. रंगाचं काय, माझी आजी मला कोळसा म्हणते. पण आई?"

"अहो, ते तर खेळात चालतंच," चिटणीस म्हणाले. गोलंदाज त्यांच्याकडे बघतच राहिला.

लिफ्टवाला त्याचा चेहरा निरखत होता. नाव वाटलं म्हणे! मग ते हसू कसलं होतं? पण डोळ्यांत आलेलं पाणीही खोटं दिसत नव्हतं. एवढा ताडमाड गडी एका शिवीने रडकुंडीला येतो, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. हा खरं बोलतोय की थाप मारतोय, काही केल्या पत्ता लागेना.

"तूच सांग ना रे," कप्तान त्याच्याकडे वळला. "हा म्हणाला तेव्हा तुला लागलं की नाही? आणि आम्ही म्हणतो तेव्हा कधी लागलंय का? सांग की, डांबर!"

सगळा संघ त्याच्याकडे बघत होता. दोन शब्दांचं काम होतं. तेवढं बोललं की सामना आपला, आणि रविवारही आपला. सहा दिवस लिफ्टच्या अंधाऱ्या खोबणीत तेलाने माखून काढायचे आणि रविवारी उन्हात उभं राहायचं, एवढीच त्याची चैन होती. ती घालवायची नव्हती त्याला.

पण मागच्या आठवड्यात कप्तान घरी आला होता. दार पोरीने उघडलं. पोर बापावर गेलेली. "अरे वा, छोटं डांबर!" कप्तान म्हणाला आणि लिफ्टवाला हसला. बाप हसतोय म्हणून पोरही हसली. तेव्हापासून बेल वाजली की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. त्या हसण्याची लिफ्टवाल्याला अजून लाज वाटत होती.

"लागलं," तो म्हणाला. "हा म्हणाला तेव्हा लागलं. तुम्ही म्हणता तेव्हाही लागतं. तुमचं जास्त लागतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"बोललो असतो तर खेळायला घेतलं असतंत?"

लिफ्टवाला उठून गोलंदाजासमोर उभा राहिला. "तुमची आई काढली, चुकलं माझं."

"माझंही," गोलंदाज म्हणाला. दोघांनी हात मिळवले, पण एकमेकांकडे जरा जपूनच पाहिलं.

चिटणिसांनी दोघांना ताकीद दिली आणि सामना पुढे सुरू झाला. हरायला फार वेळ लागला नाही. कपडे बदलताना त्याच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही.

पुढच्या रविवारी आपल्याला वगळणार अशी त्याची खात्रीच होती. पण घेतलं. का घेतलं, याचाही त्याला संशय आला. दुसरा यष्टिरक्षक मिळाला नसेल. की खरंच काही वाटलं असेल यांना? चेहऱ्यांवरून काही कळत नव्हतं. सकाळभर मैदानात चिडीचूप होतं, फक्त बॅटचे आवाज.

मग बॅटची कड घेऊन एक चेंडू पार लांबून निघाला. लिफ्टवाल्याने आडवी झेप घेतली आणि एका हाताने झेल टिपला. असा झेल त्याने जन्मात घेतला नव्हता.

दहाच्या दहा जण हात वर करून त्याच्याकडे धावले आणि अर्ध्यात थबकले. तोंडं उघडी होती, पण हाक येईना. त्याचं खरं नाव एकदोघांना ठाऊक होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलेलं नव्हतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी कप्तान बुटांकडे बघत म्हणाला, "छान घेतलात, कीपर."

लिफ्टवाल्याने मान डोलावली. कोपराला लागलेली माती झटकली आणि नवा फलंदाज येईपर्यंत तो यष्टींमागे एकटाच उभा राहिला.