हाज्जा चालली त्या दिवशी

मिन्यत रुम्मान गावच्या चहाच्या दुकानात मितवल्ली मिस्त्रीला स्वतःच्या खिशातून चहा प्यायची वेळ कधी आली नाही. नवं गिऱ्हाईक टेकलं की दुकानाचा मालक अश्मावी आतूनच ओरडायचा, "मिस्त्री, मंत्र्याची गोष्ट होऊन जाऊ दे."

मग मितवल्ली मिश्यांवरून हात फिरवायचा आणि सुरू व्हायचा.

समाजवादाचे दिवस. इंग्रज गेलेले, जमीनदारांची माजघरं रिकामी झालेली, आणि सरकारनं गावात टोमॅटोच्या सॉसचा कारखाना उभा केलेला. उद्घाटनाला मंत्री येणार, रेडिओवाले येणार. डबे आले, झाकणं आली, टोमॅटो काही आले नाहीत. कारखान्याच्या साहेबाला घाम फुटला. तेव्हा बावीस वर्षांचा मितवल्ली म्हणाला, "टोमॅटो कशाला पाहिजेत? डबे फिरायला पाहिजेत." दोनशे रिकाम्या डब्यांना झाकणं मारली. ते पट्ट्यावरून मंत्र्यासमोर बाहेर पडायचे, हातगाडीवर चढायचे, भिंतीमागून वळसा घालून परत पट्ट्यावर. मंत्री तासभर उभा राहून डोळे पुसत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, पहिल्याच दिवशी वीस हजार डबे.

"आणि उचलून बघितला असता म्हणजे?" गिऱ्हाईक हमखास विचारायचं.

"उचलला ना. म्हणून तर दहा डब्यांत वाळू भरली होती. त्यातलाच एक आठवण म्हणून घरी घेऊन गेला. बाईसाहेबांनी तो कधी उघडला, ते मात्र कळलं नाही."

दुकान खदखदायचं. चहा यायचा.

खरं तर पुढच्याच वर्षी डबे भरायला लागले होते, ते कुणी ऐकायचं नाही. सॉस शिजवायचं मोठं हंगेरियन यंत्र आलं. जाडजूड, सारखं धुसफुसणारं. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं हाज्जा, मक्केला जाऊन आलेल्या म्हातारीसारखी सगळ्यांवर गुरगुरते म्हणून. हाज्जाचा सॉस सरकारी दुकानांत गेला, फौजेत गेला. शिकलेल्या प्रत्येकाला सरकार नोकरी द्यायचं, म्हणून हिशेबाच्या खोलीत तीन खुर्च्या आणि अकरा कारकून. ते बसायला पाळ्या लावायचे. मितवल्ली त्यांची टिंगल करायचा, पण पोराचं अपेंडिक्स निघालं ते कारखान्याच्याच दवाखान्यात, फुकट. लेकीचं लग्न लागलं ते कारखान्याच्याच अंगणात. टिंगल सगळी भरल्या पोटी चालली होती.

आता नवी हवा होती. जे जे सरकारचं ते ते विकायचं. हाज्जा चौदा महिने बंद पडून होती. मोडली नव्हती, वाफेच्या झडपांची वायसरं झिजली होती, आणि कारखान्याचा आताचा मोठा साहेब, वजदीसाहेब, ती मागवतच नव्हता.

एका गुरुवारी साहेबानं मितवल्लीला बोलावलं आणि चक्क सिगारेट दिली.

"मिस्त्री, सोमवारी समिती येतेय. कारखान्याची किंमत ठरवणार. तू हाज्जाशेजारी उभं राहायचं आणि मान हलवायची. दुःखी चेहरा करून. जमेल?"

"मान तर आपोआप हलेल, साहेब. आणि किंमत पडली की?"

"घेणारा ओळखीचाच आहे. तो जुनी चार-दोन माणसं ठेवणार आहे, त्यात तुझं नाव घालतो. नाहीतर घरी बसायची यादी आहेच."

"आणि बाकीचे चारशे?"

"तू चारशे जणांचा बाप आहेस का?"

"नाही, साहेब. हुकूम, साहेब," मितवल्ली म्हणाला. सिगारेट कानावर अडकवून थेट घरी आला आणि माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढायला लागला.

बायको इन्साफ दारात कमरेवर हात ठेवून उभी. "माझ्या लग्नातलं आहे ते."

"माहितीये. तांबं चांगलं आहे. वाफेला टिकेल."

"काय करतोयस ते सांग आधी."

त्यानं सांगितलं. समितीसमोर हाज्जा चालवायची. चालता कारखाना भंगाराच्या भावात लिहून घेता येत नाही, आणि पुरा भाव द्यावा लागला तर तो ओळखीचा माणूस येतच नाही. इन्साफनं घंगाळावरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाली, "कापतोयस तर नीट काप. आणि यावेळी खरं कर बाबा. वाळू नको."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यानं घंगाळ कापून, ठोकून, घासून वायसरं बनवली आणि गुपचूप हाज्जाला बसवली. निवडणीवरच्या बायकांनी आपापल्या शेतातले टोमॅटो गाढवांवर लादून आणले, एक पैसा न घेता.

सोमवारी समितीचे तिघे आले. मुख्य होता डॉक्टर हातिम, काळा चष्मा, अंगाला अत्तराचा वास. वजदीसाहेब पुढे होऊन बोलायला लागला, "दुर्दैवानं हे यंत्र..." आणि मितवल्लीनं दांडा ओढला.

हाज्जा आधी खोकली, मग गुरगुरली, मग अशी चालली की छताची धूळ खाली आली. तांबडा सॉस रटरटला. गरम डबे पट्ट्यावरून एकामागून एक बाहेर पडायला लागले. बायकांनी जीभ फिरवून आनंदाची किलकारी दिली. वजदीसाहेबाचा चेहरा पांढरा पडला. तो चेहरा बघण्यासाठी मितवल्लीनं आणखी दोन घंगाळं कापली असती.

हातिमनं चष्मा काढला. हसला. अगदी प्रेमानं.

"आपणच का मितवल्ली मिस्त्री?"

"हो, साहेब."

"काय सांगता. अहो, तुमच्या वाळूच्या डब्याची गोष्ट आम्हाला खात्यात रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी सांगतात." तो दोघांकडे वळला. "हेच ते, बघून घ्या. भिंतीमागे हातगाडी असेल."

"हातगाडी नाही, साहेब. हे भरलेत." मितवल्लीनं डबा उघडला, चमचा पुढे केला. हातिमनं चाखला, रुमालानं ओठ टिपले.

"छान. कुठल्या दुकानातून आणलात?"

"साहेब, अजून वाफा निघतायत."

"गरम करता येतं हो, चाचा." त्यानं मितवल्लीच्या खांद्यावर थोपटलं. "हात दाखवलात, मजा आली."

कागदावर लिहिलं गेलं, यंत्र निकामी, केवळ दिखाव्यापुरते चालू. तिघे गाडीत बसले. हातिमला खरंच पटलं नव्हतं, की पटलेलं परवडणार नव्हतं, हे मितवल्लीला कधीच कळलं नाही.

वजदीसाहेबाला हसू आवरेना. "मिस्त्री, तू तर माझ्यावर उपकार केलेस. बंद असती तर म्हणाले असते दुरुस्तीवाला आणा, महिनाभर घोळ. तू एका तासात काम केलंस. तुझं नाव सगळ्यात वर आहे."

"कुठल्या यादीत, साहेब?"

"घरी बसायच्या."

घेणाऱ्यानं जमीन ठेवली, बाकी विकलं. हाज्जाला गॅसनं कापायला चार दिवस लागले. तांब्याची वायसरं भंगारातच गेली. इन्साफ आता प्लॅस्टिकच्या टबात कपडे धुते. बोलत काही नाही, टब मात्र जोरात आपटते.

भंगाराच्या ट्रकचा ड्रायव्हर चहाला थांबला तेव्हा अश्मावी आतून ओरडला, "मिस्त्री, मंत्र्याची गोष्ट."

मितवल्लीनं सांगितली. यावेळी वाळूच्या डब्यापाशी तो थांबला नाही. पुढचंही सांगितलं, घंगाळापासून चमच्यापर्यंत.

"आणि डबे भरलेले होते," तो शेवटी म्हणाला.

दुकान हसून हसून लोळलं. अश्मावी डोळे पुसत बाहेर आला. "हे तर मंत्र्याच्याही वरचं झालं, मिस्त्री."

"खरंच भरलेले होते रे. तुझी बहीणच टोमॅटो घेऊन आली होती."

"आणि यावेळी वाळू किती घातलीत?" ड्रायव्हरनं विचारलं.

पुन्हा हशा. अश्मावीनं मिस्त्रीपुढे दुसरा चहा ठेवला, साखर जास्त घालून. मितवल्लीनं ग्लासाकडे बघितलं, ट्रककडे बघितलं. मग तो चहाही प्यायला.