झाकणाच्या कडीचा निळा मणी

इन्शिराहचं वाडगं मी रिकामं परत केलं. आमच्या गल्लीत शेजारणीचं भांडं रिकामं धाडणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटणं. चाळीस वर्षांत मी तसं कधी केलं नव्हतं.

झालं असं, की माझ्या मुलानं, वजदीनं, आमच्या तामियाच्या, म्हणजे बाकल्याच्या वड्यांच्या, दुकानात मोठं वाटणयंत्र आणलं. भिजवलेले बाकल्याचे दाणे, कोथिंबीर, लसूण टाका, चार मिनिटांत वड्यांचं पीठ तयार. पहिल्याच दिवशी समोरची इन्शिराह बघून गेली. "बाई गं, काय देखणं आहे!" म्हणाली आणि गप्प. नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्ला काही म्हणाली नाही! मी लगेच निळा मणी आणला आणि झाकणाच्या कडीला चांगले चार वेढे देऊन बांधला. तरी सकाळी यंत्र मेलं. बटण दाबलं, हूं नाही की चूं नाही.

मग मी भर गल्लीत उभी राहून सांगितलं, की ही इन्शिराहची नजर. माझा आवाज लहान नाही. तिनं खिडकी लावून घेतली. आदल्या दिवशी तिनं खीर पाठवली होती, तेच वाडगं मी रिकामं धाडलं.

त्यानंतर तीन दिवस खिम्याच्या हातयंत्रात बाकला दळला. खांदे दुखायचे, पण त्याहून ती बंद खिडकी टोचायची. तेल लावून द्यायला तीच तर यायची.

शुक्रवारी नमाजानंतर यंत्रं दुरुस्त करणारा उस्ता बयूमी आला. त्यानं वायर तपासली. मग पातं काढून ठेवलं आणि भांड्याच्या काठाशी असलेली बारीकशी कळ लाकडी चमच्यानं दाबली. यंत्र घुमलं!

"मोटर ठणठणीत आहे, हाज्जा. झाकण पुरतं बसलं तरच ही कळ दाबली जाते. कुणाचं बोट जाऊ नये म्हणून तशी सोय असते. तुमचं झाकण बसतच नाहीये."

"का? कुणी वाकवलं?"

त्यानं कडीतला दोरा नखानं उचलून दाखवला. "हे कुणी बांधलं?"

"मी. नजर शिरू नये म्हणून."

"नजर नाही शिरली," तो हसत म्हणाला, "पण कडीही खाचेत नाही शिरली."

मी त्याला हसू दिलं. पहिला घाणा तळून माझ्याकडे राहिलेल्या इन्शिराहच्या दुसऱ्या एका वाडग्यात भरला, वर तो मणी ठेवला आणि गल्ली ओलांडली. ती उंबऱ्यावर लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लांब उभी राहा, उम्म वजदी. माझ्या नजरेनं जळून जाशील."

"गरम आहेत. खा आधी."

"हा मणी कशाला?"

"यंत्राचा गळा यानंच धरला होता. मीच बांधला होता."

तिनं एक वडा मोडला, फुंकर मारली, खाल्ला. "मला काय सांगतेस? ज्यांना सांगितलंस त्यांना सांग."

बरोबर होतं तिचं. मी वळले, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि ओरडले, "ऐका गं सगळ्या! इन्शिराहची नजर नव्हती, माझा दोरा होता!"

खिडक्या उघडल्या. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी परत निघाले, तर मागून आवाज आला, "अजून एकदा. कोपऱ्यावरची फौकिया बहिरी आहे."

मी दुप्पट मोठ्यानं ओरडले.