हेन्द्रेचा मधला आवाज

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू नकाच. गेल्या साठ वर्षांत आमच्या पेन्त्रेवेन गावात माझ्यावर कोणी विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यावाचून गावाचं काही अडलेलंही नाही.

“पण तू मात्र लिहून घे,” मी हेलेदला म्हणालो.

हेलेद ही आमच्या जुन्या पोस्टमनची नात. गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं तिनं मनावर घेतलंय. दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत ती किटली चढवते, मनुकांचा पाव कापते, फोन टेबलावर ठेवते आणि आम्हा म्हाताऱ्यांना बोलतं करते. पुस्तकात प्रत्येक घराला एक पान. हेन्द्रेच्या, म्हणजे आमच्या घराच्या पानावर मला एकच गोष्ट हवी होती, त्रेसष्ट सालच्या प्लगाइनची, म्हणजे नाताळानंतरच्या आमच्या गाण्यांच्या संध्याकाळची. एकदा छापून आलं की झालं. छापलेल्याशी वाद कोण घालतो?

“इथेलकाका,” हेलेद म्हणाली, “मागच्या शनिवारी तुम्ही माझ्या आजोबांच्या घोड्याला बायबल पाठ होतं म्हणालात. ते मला काढावं लागलं.”

“का गं?”

“घोडा बाप्टिस्ट पंथाचा होता म्हणालात. अर्धं गाव रागावेल.”

“मग मेथडिस्ट कर. त्याला आता काय फरक पडतो?”

खिडकीशी माझी धाकटी बहीण लौरी विणत बसली होती. मांडीवर लोकरीचा गुंडा, आणि त्याखाली बाबांची काळी वही. गाण्याच्या शब्दांचा फोटो हवा म्हणून हेलेदनं ती मागवली होती. लौरी एरवी या खोलीत येत नाही. आली तेव्हाच मला जरा खटकलं होतं. पण तिला ऐकू कमी येतं म्हणून मी बोलत राहिलो.

प्लगाइनला आमच्याकडे कोणी कोणाचं नाव पुकारत नाही. संध्याकाळी चर्च भरतं, मेणबत्त्या लागतात, प्रार्थना होते आणि सगळे गप्प बसतात. मग ज्या घराला वाटेल ते उठतं, पुढं जातं, नाताळचं आपलं गाणं म्हणतं आणि खाली बसतं. पेटी नाही, टाळ्या नाहीत. एकदा झालेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा नाही. आणि एका घराचं गाणं दुसऱ्या घरानं तोंडातून काढायचं नाही, जीव गेला तरी. हेन्द्रेचं गाणं तीन आवाजांचं, सतरा कडव्यांचं. खालचा आवाज बाबांचा, वरचा थोरल्या ग्विलिमचा, मधला माझा. “मधला आवाज असतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही,” बाबा म्हणायचे, “नसला की कळतं.”

बासष्टच्या उन्हाळ्यात मी लिव्हरपूलला निघून गेलो, गोदीत काम करायला. जाताना बाबांशी कडाक्याचं भांडण झालं. मेंढ्यांच्या मागं जन्म घालवणार नाही म्हणालो. तुमचं ते सतरा कडव्यांचं रडगाणंही पुन्हा म्हणणार नाही म्हणालो. हे शेवटचं बोलायला नको होतं.

डिसेंबरात बाबांचं पत्र आलं. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा भरवसा दिला नव्हता, हे मला ग्विलिमनं आधीच कळवलं होतं. बाबांच्या पत्रात आजाराचा शब्द नव्हता. एवढंच होतं, ‘प्लगाइन बारा जानेवारीला. गाणं तिघांचं आहे.’

“मग गेलात तुम्ही?” हेलेदनं विचारलं.

“गेलात काय म्हणतेस? ऐक तर.”

त्या वर्षीचा बर्फ अजून गावात सांगतात. मी दुपारी खालच्या गावच्या स्टेशनवर उतरलो. स्टेशनमास्तरच्या खोलीत शेगडी होती. त्यानं मला थर्मासच्या झाकणात चहा दिला. त्याचा लाल मफलर मला आजही दिसतो. तो म्हणाला, “चार मैल चढ आहे, रस्ता बुजलाय. जायचं असेल तर आत्ता नीघ. नाहीतर वीस मिनिटांत उलटी गाडी आहे.”

“मी निघालो,” मी हेलेदला म्हणालो. “आणि बर्फ केवढा? कुंपणं दिसेनात. एका ठिकाणी पायाला टणक लागलं म्हणून वाकून पाहिलं, तर फाटकाचा खांब नाही, एव्हान्सच्या घराचं धुरांडं! आतून म्हातारी ओरडली, कोण ते? मी म्हटलं, हेन्द्रेचा इथेल. ती म्हणाली, पाय पूस!”

हेलेद हसली. लौरीची सुई थांबली नाही.

“पुढं वाट संपली. पांढऱ्याशिवाय काही नाही. इतक्यात समोर एक मेंढी. डाव्या कानाला खाच, उजव्याचं टोक कापलेलं. आमची खूण! तिच्या आईनं दाखवलेला डोंगर मेंढी कधी सोडत नाही, तुला माहीतच आहे. मी तिच्या पाठीच्या लोकरीत हात रुतवला आणि डोळे मिटले. तिनं मला थेट चर्चच्या दारात आणून सोडलं.”

“आणि आत शिरली असेल.”

“शिरली म्हणजे? मधल्या वाटेनं पार पुढपर्यंत! बाबा आणि ग्विलिम उभेच होते. बाबांच्या हातात वही. सूर द्यायचा चिमटा बाबा गडबडीत घरी विसरले होते. तर त्या मेंढीनं एकदाच ‘बँ’ केलं, आणि पोरी, तो बरोबर आमचा सूर! मी बाबांच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. आम्ही सतराच्या सतरा कडवी म्हटली. संपल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फेब्रुवारीत गेले.”

हेलेदनं डोळे पुसल्यासारखं केलं.

“मेंढी मी काढीन हं,” ती हळूच म्हणाली. “बाकीचं ठेवते. फार छान आहे.”

“मेंढी काढ,” मी म्हणालो. “मेंढीचं एवढं काही नाही.”

हेलेद उठली आणि तिनं लौरीच्या मांडीवरून वही घेतली. त्या गाण्याचं पान उघडलं. समासात बाबांच्या तिरक्या अक्षरात सालं होती. गाऊन घरी आले की बाबा पहिलं त्या वर्षाचं साल टिपायचे, बूट काढायच्याही आधी. हेलेदचं बोट खाली खाली आलं. “साठ… एकसष्ट… बासष्ट.” ती थांबली. “काका, त्रेसष्ट नाहीये.”

“थंडी किती होती!” मी म्हणालो. “शाई गोठली दौतीत.”

“बासष्ट पेन्सिलीनं लिहिलंय.”

“मग पेन्सिलही गोठली असेल,” मी म्हणालो आणि हसलो. माझ्याबरोबर कोणी हसलं नाही.

लौरीनं विणकाम खाली ठेवलं. सुया एकमेकींवर नीट आडव्या ठेवल्या.

“चिमटा घरी राहिला नव्हता,” ती म्हणाली. “बाबांनी तो बाकावर आपटून कानाशी धरला. सूर विरेपर्यंत धरला. मग पुन्हा आपटला. तीनदा. लोक खोकायला लागले. बाबांच्या डाव्या हाताला माणसाएवढी जागा मोकळी होती. मला तुझा भाग पाठ होता रे, दाराआडून ऐकून ऐकून. मी उठले. बाबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको. मग त्यांनी वही मिटली आणि दोघे खाली बसले. त्यानंतर ते गाणं कोणी म्हटलं नाही.”

“लौरी,” मी म्हणालो.

“फेब्रुवारीत ते रोज विचारायचे, पोराला पत्र पोचलं असेल ना? स्टेशनमास्तरनं तोवर मला सांगितलं होतं. हेन्द्रेचा मुलगा उतरला, शेगडीपाशी वीस मिनिटं बसला, चहा प्याला आणि उलट्या गाडीत चढला म्हणून. मी बाबांना म्हटलं, बर्फात गाडीच अडकली, बाबा, नाहीतर तो निघालाच होता. त्यांनी मानलं. आपल्या घरात खोटं बोलणारा तू एकटा नाहीस.”

मग ती हेलेदकडे वळली आणि, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे छापू नकोस, बाळा. हा आला नव्हता.”