तीन हजार तास आणि एक सही

एकतीस वर्षं व्हर्लीन टॅकेटने ड्राय फोर्क गावातल्या बायकांचे केस कापले आणि प्रत्येकीला न मागता सल्ला दिला. कुणी नवऱ्याला सोडावं, कुणी सासूशी बोलायला लागावं, कुणी पोराला सैन्यात धाडू नये, हे सगळं तिने कात्री चालवता चालवता ठरवून टाकलं होतं, आणि बरंचसं बरोबरही निघालं होतं. पण टेक्सस राज्याचं म्हणणं असं, की केस कापायला एक लायसन्स लागतं आणि माणसाचं दुःख ऐकायला दुसरं. त्यातलं दुसरं मिळवताना तिच्या नाकी नऊ आले.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने समुपदेशक व्हायचं मनावर घेतलं. आधी अर्धवट सोडलेली पदवी, मग साठ क्रेडिटचं एम.ए., मग मोठी परीक्षा, मग नीतिनियमांची वेगळी परीक्षा. एवढं झाल्यावर राज्याने सांगितलं, आता तीन हजार तास कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करा, मग बघू.

एम.ए.त तर तिची शोभाच झाली. सरावाच्या मुलाखतींचे व्हिडिओ बघून प्राध्यापिकाबाई दर वेळी तेच लिहायच्या: "पुन्हा सल्ला दिलात. सांगू नका, विचारा." व्हर्लीन वैतागायची. समोरची बाई गटांगळ्या खातेय आणि आपण काठावरून विचारायचं, पाण्याविषयी तुम्हाला काय वाटतं? पण चिकाटीने तिने जिभेला लगाम घातला. दहा वर्षं लागली, पण घातला.

देखरेखीला मिळाला कोल्बी प्रुइट. वय वर्षं बत्तीस. नव्वद मैलांच्या टापूत लायसन्सवाला सुपरवायझर हा एकच. दर गुरुवारी दुपारी तो मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत यायचा. तिथेच व्हर्लीन आठवडाभर समुपदेशनाला आलेली माणसं बघायची. तिने आपल्या केसेस मांडायच्या, त्याने प्रश्न विचारायचे, शेवटी वहीत 'देखरेख, एक तास' असं लिहून दोघांनी सह्या करायच्या.

मार्चमधल्या एका गुरुवारी तो दाढी न करता आला. "कसा आहेस, कोल्बी?" तिने रीत म्हणून विचारलं, आणि तो धाय मोकलून रडायला लागला. बायको शेल्बी दोन्ही पोरं घेऊन ॲमॅरिलोला बहिणीकडे निघून गेली होती.

त्यानंतर दहा गुरुवार तोच बोलला आणि व्हर्लीनने ऐकलं. मनात तिला सगळं स्पष्ट दिसत होतं: गाडीत बस, तिच्या दारात जा, माफी माग, वेड्या. पण एक शब्दही तिने तोंडातून बाहेर पडू दिला नाही. नुसतं विचारत राहिली. आठव्या गुरुवारी तोच म्हणाला, "मी खोटं बोलतो, मिस व्हर्लीन. बारीकसारीक. सगळ्यांशी. शेल्बी त्यालाच कंटाळली." त्या दिवसापासून त्याने खोटं बोलणं सोडलं. नवव्या आठवड्यात शेल्बीने फोन उचलला आणि दहाव्यात ती परत आली. वहीत मात्र दर वेळी 'देखरेख, एक तास' असंच लिहिलं गेलं.

जूनमध्ये व्हर्लीनचे तीन हजार तास भरले. जुलैपासून काउंटीच्या दवाखान्यात तिच्यासाठी एक खोली ठेवली होती, पण लायसन्स असेल तरच. नसेल तर खोली फिजिओथेरपीवाल्याला जाणार होती, आणि तो मोजमापं घेऊन गेलाही होता. तिच्याकडे यायला नाव नोंदवून बसलेली बावीस माणसं होती. घोडं अडलं होतं फक्त तास भरल्याच्या फॉर्मवरच्या कोल्बीच्या सहीपाशी.

त्या गुरुवारी तिने पेकन-पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, भाजून आणला. कोल्बी गुळगुळीत दाढी करून आला आणि त्याने टेबलावर दोन कागद ठेवले.

"हा तुमचा फॉर्म. आणि हे मी लायसन्स मंडळाला लिहिलेलं पत्र. वाचा."

तिने वाचलं. "मागचे दहा आठवडे मी यांचा सुपरवायझर नव्हतो, यांचा रुग्ण होतो. यांच्याइतकी चांगली समुपदेशक मी पाहिलेली नाही."

"अरे, किती छान लिहिलंयस!" व्हर्लीन म्हणाली. "रुग्ण होतास तर तेही दहा तास माझ्या खात्यात धर की."

"सुपरवायझरला रुग्ण होता येत नाही, मिस व्हर्लीन. नियम आहे. हे पत्र गेलं तर त्या दहा आठवड्यांतलं तुमचं सगळं काम बाद. चारशे बारा तास. आणि मलाही तुमच्यावरची देखरेख सोडावी लागेल."

"आणि दुसरा सुपरवायझर मिळेपर्यंत?"

"तुम्हाला एकही रुग्ण बघता येणार नाही."

"कोल्बी, बाळा, या खोलीत आपण दोघंच होतो. कुणाला कळणारे?"

"शेल्बीला मी नेमकं हेच म्हणायचो." त्याने पेन पुढ्यात ठेवलं. "मला काही सुचत नाहीये. तुम्ही म्हणाल तसं करतो. काय करू?"

'सही कर, गाढवा!' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. एकतीस वर्षांत याहून सोपा सल्ला तिच्या वाट्याला आला नव्हता. आणि तो ऐकलाच असता त्याने, मुकाट्याने.

"तुला काय करावंसं वाटतं?" व्हर्लीनने विचारलं.

खरं सांगायचं तर त्याला सही करावीशी वाटेल अशी तिला पुरेपूर आशा होती.

कोल्बीने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाला, "पत्र पाठवावंसं वाटतं."

"हे बोलल्यावर कसं वाटतंय?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

"हलकं वाटतंय हो. खूप."

त्याने फॉर्म फाडला. व्हर्लीनला त्याचा असा राग आला, की तो पेकन-पाय थाळीसकट त्याच्या डोक्यावर घालावा. त्याचबरोबर त्याचं कौतुकही वाटलं, आणि त्या कौतुकाचा तिला आणखीच राग आला. तिने त्याला एक तुकडा वाढला. त्याने दोन खाल्ले.

पत्र खिशात घालून तो दारापाशी गेला आणि हॅट हातात घेऊन घुटमळला.

"मिस व्हर्लीन, आता मी तुमचा सुपरवायझर नाही. मग गुरुवारी असाच आलो तर चालेल ना? अजून बरंच बोलायचंय."

"नाही चालणार, बाळा," व्हर्लीन टेबल पुसत म्हणाली. "देखरेखीशिवाय मला ऐकता येत नाही. कायद्याने गुन्हा आहे."